फोन घराचा की माणसाचा?

इंदूरच्या एका शाखेत मी काम करीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या खातेदारांपैकी एक वृद्ध मराठी भगिनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घेण्यासाठी येत असत. यजमानांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हाच त्यांचा आधार होता. एका जानेवारीत त्या आल्या तेव्हा पासबुकात डिसेंबरची रक्कम उमटलेली नव्हती. कारण साधेच होते. नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला त्यांच्याकडून आलेला नव्हता.

‘‘आजी, बँकेने आपल्याला मोबाईलवर संदेश पाठवला होता,’’ मी म्हणालो.

‘‘मला नाही हो आला. माझ्याकडे कुठं आहे फोन?’’

संगणकावर पाहिले तर खात्याला एक क्रमांक जोडलेला होता. काही वर्षांपूर्वी बँकेने क्रमांक मागितला, तेव्हा आजींच्या चिरंजीवांनी आपला स्वतःचा दिला होता. पुढे ते नोकरीनिमित्त पुण्याला गेले, तिकडे नवे सिमकार्ड घेतले आणि जुना क्रमांक सुटला तो सुटलाच. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकास देते, हे त्या वेळी घरात कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मी आजींच्या समक्ष तो क्रमांक फिरवला. पलीकडून एका ट्रकचालकाचा आवाज आला. तो रायपूरच्या वाटेवर होता. मी बँकेचे नाव सांगताच तो म्हणाला, ‘‘हाँ साहब, सालभर से अम्माजी की पेन्शन का मैसेज मेरे पास आता है. इस महीने नहीं आया, तो मैं सोच ही रहा था. अम्माजी ठीक तो हैं न?’’

आजींच्या निवृत्तिवेतनाची तारीख आणि खात्यातील शिल्लक एका अनोळखी माणसाला वर्षभर कळत होती. फक्त आजींना ती पासबुक भरल्याशिवाय कळत नव्हती. माणूस भला होता म्हणून विषय हसण्यावारी गेला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय, हा विचार मात्र त्या दिवशी मला घरी जाईपर्यंत सोडेना. आणि आजींचे एक वाक्य तर अद्याप कानात आहे. त्या जराशा अपराधी स्वरात म्हणाल्या होत्या, ‘‘परका नव्हता हो दिला, घरचाच नंबर दिला होता.’’

‘घरचा नंबर’ या दोन शब्दांत या लेखाचा सारा विषय आला आहे. मोबाईलविषयी आपल्याकडे जी मतमतांतरे ऐकू येतात, ती बहुधा ‘चांगला की वाईट’, ‘किती वेळ वापरावा’, ‘जुनी पिढी आणि नवी पिढी’ अशा वळणाने जातात. मला असे वाटू लागले आहे की खरा मतभेद याच्याही आधी सुरू होतो. काही माणसांच्या लेखी फोन ही घराची वस्तू आहे, तर काहींच्या लेखी ती एकट्या माणसाची वस्तू आहे. बँकिंग व्यवस्थेने यांपैकी दुसरी समजूत गृहीत धरली. आपल्या ग्राहकांपैकी फार मोठा वर्ग मात्र अजून पहिल्या समजुतीत वावरतो आहे.

पहिली समजूत अडाणीपणातून आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात संसार केले, त्यांच्यासाठी फोन ही घराचीसुद्धा नव्हे, आळीची वस्तू होती. लग्नपत्रिकेवर किंवा अर्जावर शेजाऱ्यांचा क्रमांक लिहून पुढे कंसात ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे घालण्याची पद्धत अनेकांना आठवत असेल. शेजारचा मुलगा धावत येऊन ‘काकू, तुमचा फोन’ अशी वर्दी देई, आणि मग ओल्या हातांनी पदर सावरीत पोचावे तो ट्रंककॉलची तीन मिनिटे संपत आलेली असत. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली देशातील पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली, परंतु सामान्य माणसापर्यंत ती पोचली ऐंशीच्या दशकात नाक्यानाक्यावर उभ्या राहिलेल्या पिवळ्या फलकांच्या बूथमुळे. रात्री अकरानंतर पाव दर लागत असे, म्हणून जेवणे आटोपून, लेकरांना झोपवून लोक त्या काचेच्या खोपटापुढे रांग लावीत. घरी फोन आला तर तो बैठकीच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली, सर्वांच्या देखत असे. त्यावर काय बोलले जाते ते घराला ऐकू येई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. फोन वाजला की जो जवळ असेल त्याने उचलावा, हाच शिष्टाचार होता.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातील तो पहिला मोबाईल संवाद मानला जातो. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. मराठीने त्याला ‘भ्रमणध्वनी’ असे भारदस्त नाव दिले. लोकांनी ते कार्यालयीन पत्रांपुरते ठेवले आणि बोलताना ‘मोबाईल’च म्हटले. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे फोन विनामूल्य झाले आणि मग भाजीवाल्यापासून पुरोहितापर्यंत प्रत्येकाच्या खिशात तो दिसू लागला.

पण वस्तू खिशात गेली म्हणून समजूत लगेच बदलत नाही. याचा माझ्या मते सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे ‘मिस्ड कॉल’. कोणत्याही कंपनीने न शिकवलेली ही भाषा लोकांनी आपण होऊन घडवली. एक घंटी म्हणजे ‘निघालो’, दोन म्हणजे ‘पोचलो’, सलग तीनदा वाजला तर ‘पैसे टाकून मलाच फोन कर’. दुधवाल्याला मिस्ड कॉल दिला की उद्या जास्त दूध. या सांकेतिक व्यवहारात फोन पुन्हा घराचाच होता. वाजला तो कोणी ऐकला यापेक्षा घराने ऐकला हे महत्त्वाचे. पुढे अनेक बँकांनी खात्यातील शिल्लक कळवण्यासाठी हीच युक्ती उचलली, आणि खर्च न करता माहिती मिळवण्याची लोकांची रीत बँकेच्या माहितीपत्रकात छापली गेली. ग्राहकाच्या सवयीपुढे बँकेने मान तुकवावी असे प्रसंग थोडे असतात. त्यातला हा एक म्हणून मला त्याचे अप्रूप आहे.

दुसरी समजूत कामधंद्यातून आली. ज्याची भाकरी फोनवर अवलंबून आहे, त्याला तो घरात ठेवून चालत नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे उदाहरण अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९९७ पासून तेथे मोबाईल सेवा टप्प्याटप्प्याने आली. तोवर होडी आपल्या नेहमीच्या बंदराला लागे, तेथे मासळी उदंड झालेली असली तर भाव कोसळे आणि उरलेली मासळी समुद्रात फेकावी लागे. पलीकडच्या बंदरात त्याच सकाळी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत असे. मोबाईल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला, आणि गंमत अशी की ग्राहकाला मिळणारी मासळीही सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त झाली. अशा माणसाला ‘जरा वेळ फोन बाजूला ठेवा’ असे सांगणे म्हणजे सुताराला रंधा ठेवायला सांगण्यासारखे आहे. आपल्या शाखेत खिडकीपुढे उभे राहून मोठ्याने बोलणाऱ्या व्यापाऱ्याकडे आपण कपाळाला आठ्या घालून पाहतो, तेव्हा तो कदाचित आपला भाव ठरवीत असतो. (आठ्या तरीही पडतात, हे कबूल. रांगेतल्या इतरांना त्याच्या कांद्याचा भाव ऐकायचा नसतो.)

मग घर आणि माणूस या दोन समजुतींत ओढाताण होते, ती कोठे कशी सोडवली गेली हे पाहण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा, वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी बोलायचे, असा तो ठराव होता. साथीच्या काळात शाळाच फोनवर भरली होती. शाळा पुन्हा वर्गात गेली, पण मुलांच्या हातचा फोन सुटला नाही, ही त्यामागची काळजी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल न देण्याचा निर्णय घेतला. याहून आधी, २०१६ मध्ये, गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्याच्या सुरज या गावात अविवाहित मुलींनी मोबाईल वापरू नये असा फतवा निघाला होता आणि मोडणाऱ्यास दंडही ठरवला होता.

हे तीनही निर्णय वृत्तपत्रांतून ‘गावाने मोबाईलला आवर घातला’ अशा एकाच मथळ्याखाली वाचले जाऊ शकतात. मला ते एकाच माळेतले वाटत नाहीत. वडगावच्या भोंग्याला बापही बांधलेला आहे. त्यालाही फोन खाली ठेवावा लागतो, आणि साडेआठला ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हाती परत जातो. सुरज गावाच्या फतव्यात मात्र ज्यांच्या हाती आधीच काही नव्हते त्यांच्याकडूनच काढून घेतले गेले. तेथील प्रश्न फोनच्या वापराचा नव्हताच. मुलीचा फोन हा तिचा नसून घराचा, किंबहुना गावाचा आहे, असा तो दावा होता. बान्सीचा निर्णय या दोहोंच्या मधला. त्यातील हेतू मी समजू शकतो, परंतु सतरा वर्षांच्या ज्या मुलाच्या नावे शिष्यवृत्तीचे खाते आहे, त्याने बँकेला कोणता क्रमांक द्यावा, याचे उत्तर त्यात नाही.

येथे मला एका आकडेवारीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ७८.६ टक्के स्त्रियांचे बँकेत अथवा बचत संस्थेत असे खाते होते की जे त्या स्वतः वापरत. याआधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ५३ टक्के होते. चार-पाच वर्षांत एवढी झेप ही आपणा बँक कर्मचाऱ्यांच्या श्रमांची पावती आहे. जनधन योजनेच्या काळात रविवारीही शिबिरे घेतल्याचे आठवणारे सहकारी या मासिकाच्या वाचकांत अनेक असतील. परंतु त्याच पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण होते ५३.९ टक्के, आणि आधीच्या फेरीत ४५.९ टक्के. म्हणजे खाते धावत पुढे गेले आणि फोन चालत मागून आला. ज्या स्त्रियांकडे खाते होते परंतु स्वतःचा फोन नव्हता, त्यांच्या खात्याला क्रमांक कोणाचा जोडला गेला असेल? नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा, फॉर्म भरून देणाऱ्या ओळखीच्या माणसाचा. आपणच काउंटरवरून ‘घरातला कोणताही नंबर द्या’ असे सांगून तो भरून घेतला. मी स्वतः असे कितीतरी अर्ज भरून घेतले आहेत. रकाना रिकामा राहिला तर अर्ज पुढे सरकत नसे आणि बाहेर रांग असे.

त्या वेळी तो रकाना पत्त्याच्या खालचा एक तपशील होता. पुढील काही वर्षांत तो खात्याची किल्ली झाला. २०१६ मध्ये यूपीआय आले. त्याची रचनाच अशी की फोनमधील सिमकार्डावरून एक संदेश आपोआप जातो, त्या क्रमांकाशी जोडलेली खाती समोर येतात, आणि डेबिट कार्डावरील काही आकडे व त्याच क्रमांकावर आलेला ओटीपी यांच्या आधारे गुप्त पिन ठरवता येतो. कार्ड कपाटात असते आणि कपाट घराचे असते. म्हणजे खाते आजीचे, सही आजीची, पण किल्ली ज्याच्या खिशात सिम त्याच्याकडे. याचा अर्थ प्रत्येक घरात कोणी टपून बसले आहे असा नव्हे. बहुतेक घरांत मुलगा आईचे वीजबिल भरतो, सून सासऱ्यांची औषधे मागवते, नातू आजोबांना शिल्लक वाचून दाखवतो. या मायेला मी नावे ठेवणार नाही. ती नसती तर निम्म्या वृद्धांचे व्यवहार अडून राहिले असते.

पण माया आणि नियम यांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे ग्राहकांना ठाऊक असावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा तिसऱ्याच कारणाने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. मात्र ग्राहकाने आपला पिन अथवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर ती हयगय समजून, तो बँकेला कळवीपर्यंत झालेले सारे नुकसान त्याच्याच माथी. त्यातील मुदत बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजावयाची होती. आता इंदूरच्या आजींचा विचार करा. संदेश बँकेने पाठवला, तो पोचला, त्याची नोंद संगणकात आहे. तो रायपूरच्या वाटेवर पोचला, ही गोष्ट आजींनी कोणाला आणि कशी पटवून द्यावी?

म्हणून माझे मत असे की, घरातील सर्व फोन सर्वांनी खुशाल वापरावेत, पण खात्याला जोडलेला क्रमांक खातेदाराच्या स्वतःच्या हातातला असावा. साधा बटणांचा फोन असला तरी संदेश वाचण्यास तो पुरतो. मुलाने व्यवहार पाहावेत अशी इच्छा असेल तर त्यासाठी बँकेत जुने, सरळ मार्ग आहेत. संयुक्त खाते काढता येते, अधिकारपत्र देता येते, मुखत्यारपत्र नोंदवता येते. त्यात मुलगा उघडपणे आणि स्वतःच्या नावाने व्यवहार करतो. आईच्या नावाने, आईच्या पिनने आणि आईला न विचारता केलेला व्यवहार कितीही सद्हेतूने केला तरी कागदावर तो आईचाच राहतो. काही घरांत हे बोलणे काढणे अवघड जाते. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असे मुलगा विचारतो आणि आई गप्प बसते. अशा वेळी बँकेतील माणसाने दोन शब्द बोलले तर ते परक्याचे म्हणून ऐकून घेतले जातात, असा माझा अनुभव आहे. आपण ते बोलावेत.

ज्यांना फोन नकोच आहे त्यांच्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या शाखांत त्यांना फार सहज ‘मागासलेले’ ठरवले जाते. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे. तो ते संध्याकाळी सात ते आठ चालू ठेवतात आणि उरलेले तेवीस तास बंद. गणित त्यांचा विषय. तुमच्या-माझ्यापेक्षा व्याजाचा हिशेब चोख करतात. ‘‘फोन मला येत नाही असे नाही. मला तो दिवसभर नको आहे,’’ असे ते शांतपणे सांगतात. न जमणे आणि न हवे असणे यांतील भेद आपण पाळत नाही. ‘काका, ॲप डाउनलोड करून घ्या ना, इथे यायची गरजच नाही’ असे एखादा तरुण सहकारी त्यांना उत्साहाने सांगतो. त्याच्या मनात सेवाभाव असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानांवर ‘येथे येऊ नका’ एवढेच पडते. साध्या फोनवरून चालणारी *९९# ही सेवा आहे, २०२२ च्या मार्चमध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आले. हे सारे सांगावे, समजावून द्यावे. आणि त्यानंतरही त्यांनी धनादेशच पुढे केला तर तो आनंदाने घ्यावा. धनादेश ही काही ग्राहकाने बँकेकडे मागितलेली सवलत नव्हे.

आता आपल्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बाजूकडे येतो. येथे चित्र अगदी उलटे आहे. घरी जो फोन माणसाचा असायला हवा तो घराचा झाला. कार्यालयात जो फोन शाखेचा असायला हवा तो माणसाचा झाला आहे. पूर्वी ग्राहक शाखेच्या दूरध्वनीवर फोन करीत. तो वाजे, कोणीतरी उचले, ‘साहेब जेवायला गेलेत, अर्ध्या तासाने करा’ असे उत्तर मिळे. आज शाखेचा दूरध्वनी वाजला तर तो उचलावयाचा कोणी हाच प्रश्न असतो, हे आपण आपसांत तरी मान्य करू. ग्राहकही आता त्या वाटेस जात नाहीत. ते शाखाव्यवस्थापकाचा, कर्जविभागातील अधिकाऱ्याचा, प्रसंगी शिपायाचा वैयक्तिक क्रमांक मिळवतात. आम्हीही तो देतो, कारण काम लवकर होते आणि माणूस जोडला जातो. मग रात्री साडेनऊला ‘साहेब, हप्ता कापला गेला का बघा ना’ असा संदेश येतो, आणि त्याच सुमारास वरिष्ठ कार्यालयाच्या समूहावर उद्याच्या उद्दिष्टांचा तक्ता येतो. मुलीच्या वाढदिवसाला मेणबत्ती विझवण्याच्या क्षणी मी असा एक तक्ता उघडून पाहिला होता. काढलेल्या छायाचित्रात माझी मान खाली आहे. ते छायाचित्र घरात अजून आहे, आणि त्यावरून मला अजून ऐकावे लागते.

कामाच्या वेळेनंतर कार्यालयाच्या संपर्कापासून मोकळे राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी या विषयावर २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. अशी विधेयके क्वचितच कायद्यात उतरतात, पण प्रश्न सभागृहात मांडण्याजोगा आहे एवढे तरी त्यातून ठरले. तरीही एक अडचण मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रात्री साडेनऊचा प्रत्येक फोन हप्त्याचा नसतो. एकदा रात्री अकराला एका ग्राहकाचा फोन आला. वडील रुग्णालयात, आगाऊ रक्कम भरायची, आणि कार्ड बंद पडलेले. मी तो फोन उचलला नसता तर नियमाने मी बरोबर ठरलो असतो. मला त्या बरोबर असण्याचा काही उपयोग झाला नसता.

याला माझ्याकडे सुचवण्यासारखा तोडगा एकच आहे आणि तो फार मोठा नाही. प्रत्येक शाखेला शाखेच्या नावाचा एक मोबाईल असावा. व्यवस्थापकाची बदली झाली तरी क्रमांक शाखेतच राहावा. रात्री तो कोणाकडे असावा याची पाळी ठरावी, जशी किल्ल्यांची ठरते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांत वाटून देण्याची शिस्त बँकेने केव्हाच अंगी बाणवली. कोणी त्या कायमच्या आपल्या खिशात ठेवीत नाही. ग्राहकाचा फोन ही त्याहून कमी जोखमीची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. शिवाय आज होते काय, की अधिकारी बदलून हुबळीला जातो आणि इंदूरचे ग्राहक दोन वर्षे त्यालाच फोन करीत राहतात. नव्या अधिकाऱ्याला त्यांची अडचण कळतच नाही.

काउंटरवरील शिष्टाचाराविषयी लांबण लावीत नाही. नोटा मोजताना रोखपालाने फोन खणात ठेवावा आणि नोटा घेताना ग्राहकाने तो खिशात ठेवावा. दोघांपैकी एकाचे लक्ष तरी रकमेवर असावे, एवढी अपेक्षा माफक आहे. मात्र हा नियम एकाच बाजूला लावणारे फलक मी पाहिले आहेत. ‘कृपया मोबाईल बंद ठेवा’ असा फलक ग्राहकाच्या बाजूला, आणि काचेच्या आत कर्मचारी फोनवर. मोहित्यांच्या वडगावात असा फलक लावता आला नसता.

इंदूरच्या आजींचे सांगायचे राहिले. हयातीचा दाखला त्याच दिवशी करून घेतला. क्रमांक बदलण्याच्या अर्जावर मात्र त्यांनी लगेच सही केली नाही. ‘‘मुलाला विचारते,’’ म्हणाल्या. आठवड्याभराने त्या आल्या त्या गळ्यात कापडी पिशवी अडकवून. आत बटणांचा नवा फोन होता. चिरंजीवांनी पुण्याहून पाठवला होता, आणि फोन स्वतःजवळ ठेव, कोणाला देऊ नकोस, असे बजावलेही होते, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. अर्जावर सावकाश, एकेक अक्षर वळवीत सही केली. मग म्हणाल्या, ‘‘त्या ट्रकवाल्यालाही कळवा हो, आता मेसेज यायचे नाहीत म्हणून. उगाच काळजी करील.’’ मी त्यांच्याच फोनवरून तो क्रमांक लावून दिला. काय बोलायचे ते त्यांचे त्यांनी, त्यांच्या इंदुरी हिंदीत बोलून घेतले.

पुढच्या महिन्यात निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश त्यांच्या फोनवर आला. त्या तो घेऊन शाखेत आल्या आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, ‘‘आलाय बघा, पण काय लिहिलंय ते सांगा.’’ संदेश इंग्रजीत होता.